केरसुणीची काडी

अक्का कादंबरी वाचायला बसली की केरसुणी शेजारी घेऊन बसायची. नवख्या माणसाला वाटे, झाडता झाडता बाई जरा टेकली असेल. तसे नव्हते. वाचता वाचता ती एखाद्या पानाशी थांबे, केरसुणीची एक काडी ओढून काढी, त्या पानात ठेवी आणि पुढे वाचू लागे. कुठवर वाचले त्याची ती खूण नसायची, ते तिच्या लक्षात राहत असे. पुढचे सगळे दुःख ज्या पानावर टाळता आले असते आणि कोणीतरी ते टाळले नाही, त्या पानाची ती काडी.

अक्का म्हणजे माझी आत्या, इंदू. माझ्या वडिलांची, आबांची, धाकटी बहीण. तिचे लग्न झाले नाही. मला तिनेच वाढवले. आमचे मूळ गाव पारोळ्याजवळ, पण कळू लागल्यापासूनचे माझे सगळे लहानपण धुळ्यात गेले. तिथे आमच्या गल्लीच्या टोकाला एक ग्रंथालय होते आणि अक्का त्याची वर्गणीदार होती. तिला प्रेमाच्याच कादंबऱ्या लागत, त्याही वाईट शेवटाच्या. "गोड शेवटाचं काय वाचायचं?" ती म्हणे. "त्यात कोणाची चूकच नसते."

पुस्तके परत करायला ती मला बरोबर नेई आणि मला तिथे उभे राहायची लाज वाटे. कारण ग्रंथपाल नाना काउंटरवर पुस्तक उलटे धरून झटकत, काडी खाली पडे आणि बाकावरचे वर्तमानपत्र वाचणारे हसत.

"अक्का, पुन्हा काडी लावली का?" नाना विचारत.

"आग लेखकाने लावली नाना. मी फक्त जागा दाखवते."

"अहो, पण नायिकेच्या नशिबातच नव्हतं. लेखकाने शेवटी तसं लिहिलंय."

यावर अक्का अहिराणीत शिरे. एरवी ती शहरी मराठी बोलायची, पण मनापासूनचे काही असले की गावची बोली येई. "नाना, हाई नशीब नही शे. हाई कोनीतरी लिखेल शे." हे नशीब नाही, कोणीतरी बसून लिहिलेले आहे. हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकले की पुढे मला ते ऐकूच येईनासे झाले.

घरात तिची स्वतःची अशी एकच कादंबरी होती. तिचे मुखपृष्ठ गेलेले, पाने पिवळी पडून कडेने झिजलेली. नायक नोकरीसाठी दूर गेलेला असतो. इकडे नायिकेचे दुसरीकडे ठरते. ती त्याला निरोप धाडते, निरोप पोचत नाही, आणि ज्या दिवशी तो परततो त्याच दिवशी तिला विहिरीतून वर काढलेले असते. पुढे लेखकाने नियती या विषयावर बरेच लिहिले आहे. अक्काची काडी मात्र तिथे नव्हती. ती कितीतरी आधी होती. निरोप घेऊन निघालेली मोलकरीण वेशीपर्यंत जाते, डोक्यावर ऊन आलेले पाहते, उद्या जाऊ म्हणून माघारी फिरते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. काडी त्या पानात होती.

"नशीब म्हणे!" अक्का म्हणायची. "ऊन लागत होतं बाईला. गेली असती तर काय वितळली असती?"

ही कादंबरी तिला कोणी दिली, ते मला आबा वारल्यावर आईकडून कळले.

आमच्या गावच्या शाळेत देविदास नावाचे गुरुजी बदलून आले होते. सातवी झालेली आणि वाचायची आवड असलेली मुलगी त्या वेळी गावात एकच होती. गुरुजींनी तिला पुस्तके दिली, पुढे रीतसर मागणी घातली. माणूस आमच्यातलाच, शिकलेला, निर्व्यसनी. नाव ठेवायला जागा नव्हती. आबांनी पत्रिका पाहायला दिल्या आणि एकनाड निघाली. दोघांची नाडी एकच आली की आमच्याकडे लग्न करत नाहीत. विषय संपला.

आता यातली गोम सांगतो. अक्काची पत्रिका जन्मानंतर कोणी केलेली नव्हती. ती शाळेच्या दाखल्यावरून केली, आणि दाखल्यावर तारीख होती एक जून. आमच्या खानदेशात अशी एक जूनची माणसे गावोगाव आहेत. जूनमध्ये शाळा उघडे तेव्हा बाप पोराला घेऊन येई. पोर कधी जन्मले ते त्याला सांगता येत नसे. मास्तर पोराचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगत. बोटे डाव्या कानाला लागली की पोर सहा वर्षांचे. मग सहा वर्षे मागे मोजायची आणि एक जून लिहायचे. माझ्या आजीच्या सांगण्याप्रमाणे अक्का कापसाच्या वेचणीत झाली होती. म्हणजे हिवाळ्यात.

गुरुजी स्वतः आबांकडे आले होते म्हणे. "दादा, ही तारीख आम्ही मास्तर लोकच टाकतो हो. मी स्वतः कितीतरी पोरं एक जूनची केलीत."

आबा म्हणाले, "सरकारी कागद खोटा म्हणता गुरुजी? मग तुमची नोकरी बी खोटी." आणि मग मऊ आवाजात, "आपल्या हातात काही नाही. नशिबाच्या गोष्टी."

खरी गोष्ट वेगळी होती. माझा जन्म झाल्यावर आईने अंथरूण धरले होते. पाळण्यात मी होतो, चुलीपाशी अक्का होती. अक्का सासरी गेली असती तर आबांचे घर बसले असते. हे कोणाला तोंडाने म्हणता येत नव्हते, म्हणून पत्रिकेने म्हटले. गुरुजी पुढे साक्रीकडे बदलून गेले. कादंबरी राहिली.

म्हणजे मी त्या एक जूनवर वाढलो. दूध त्यावर प्यायलो, शाळेत त्यावर गेलो. आईने सांगितले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, आणि मला आबांची लाज वाटली. दुसऱ्याची लाज वाटणे सोपे असते. त्यात आपल्याला काही करावे लागत नाही.

मी जळगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. माझ्या टेबलावरून अंदाजाने धरलेला आकडा पुढे जात नाही, याबद्दल मला लोक नावेही ठेवतात आणि मानही देतात. आमच्या ऑफिसात एक जूनला एकच केक येतो आणि त्यावर नाव नसते, कारण इतकी नावे मावायची नाहीत. त्या केकवर मी दरवर्षी विनोद करतो. हे सांगायचे कारण, एक जून म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये.

माझी मुलगी मृणाल शिरपूरला एका कॉलेजात शिकवते. तिथलाच दिनेश नावाचा सहकारी तिने पसंत केला. मुलगा हुशार, बोलायला साधा. पण घर शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात. पावसावरची शेती, उन्हाळ्यात जंगलातला मोह, चारोळी वेचायची, वेळेला मजुरी. माझ्या मनात काय आले ते मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितले नाही. नातेवाइकांना जेवायला बोलावल्यावर व्याही म्हणून कोणाची ओळख करून द्यायची, एवढेच आले. मृणालला मी म्हणालो, "माझं काही म्हणणं नाही. फक्त पत्रिका बघू."

"बघा पप्पा," ती म्हणाली. "पण निकाल आधीच लावून ठेवलेला नाही ना?"

"छे!"

दिनेशच्या बायोडाटावर जन्मतारीख एक जून होती. मी ती वाचली. वाचूनच ज्योतिष्यांकडे दिली. त्यांनी जन्मवेळ विचारली. मी म्हणालो, "सकाळची धरा." नाडी नक्षत्रावरून ठरते आणि चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र ओलांडतो, एवढे मला समजते. तारखेचाच पत्ता नसताना वेळ धरायला सांगणारा हा मी. निकाल आला, एकनाड. मला हायसे वाटले.

मुलाच्या आईवडिलांना नीट बोलावून, चहापाणी करून नाही म्हणावे, असे ठरवले. रविवारी ते एसटीने आले. वैशाखातले जळगाव, कूलरही गरम हवा फेकत होता. वडील पांढरी टोपी मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला बसले. आईने पिशवीतून चारोळीची पुरचुंडी काढून सुनंदाच्या, माझ्या बायकोच्या, हातात दिली. पोहे झाले, चहा झाला. मृणाल दाराशी उभी होती. मी बायोडाटा आणि पत्रिकेचा कागद टेबलावर मांडला आणि सांगितले.

"एकनाड आलीये. मुलगा चांगलाच आहे, त्याबद्दल प्रश्न नाही. पण पत्रिकेपुढे आपल्या हातात काही नाही."

मृणालचा चेहरा मी पाहिला नाही. पाहायचे टाळले. मुलाच्या वडिलांनी कागदाकडे पाहून मान हलवली, जणू दुकानदाराने माल संपला म्हणून सांगितले होते.

अक्का आता आमच्याकडेच राहत असे. ती आतल्या खोलीत झाडत होती. निदान मला तसे वाटत होते. झाडण्याचा आवाज कधी थांबला ते कळले नाही. मागून सुनंदाचा आवाज आला, "अहो अक्का, काड्या नका ओढू हो तिच्या. लक्ष्मी असते ती."

"मग लक्ष्मीला दोन अक्षरं दाखवते," अक्का म्हणाली आणि बाहेर आली. पंचाहत्तरीला टेकलेली बाई, पदर कमरेला खोचलेला. पाहुण्यांना हात जोडले, टेबलापाशी वाकली, डोळे बारीक करून बायोडाटा वाचला आणि एका ओळीवर केरसुणीची काडी ठेवली. जन्मतारखेच्या ओळीवर.

"आठे," ती म्हणाली. इथे.

घरात त्या काडीचा अर्थ प्रत्येकाला माहीत होता. सुनंदाने मान खाली घातली. मृणालने टेबलाजवळ येऊन ती ओळ वाचली, मग माझ्याकडे पाहिले. ऑफिसातल्या केकचा विनोद मी घरीही दरवर्षी सांगत आलो होतो.

पाहुण्यांना मात्र हे कोडेच होते. मुलाच्या वडिलांनी आपल्या बायकोला कागदावरची तारीख हळू आवाजात सांगितली. ती बाई तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती अक्काकडे पाहून म्हणाली, "नही माय. मी मोह येचाले गयथू. तठेच व्हयना." मोहाची फुले वेचायला गेले होते, तिथेच झाला. मोह चैत्रात पडतो, हे खानदेशात लहान मूलही सांगेल.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. चूक कळली, दुरुस्त केली, इतकेच. आपल्या एवढ्या बोलण्याने समोरचा गृहस्थ उघडा पडला आहे हे तिच्या ध्यानातही नसावे. तिच्या नवऱ्याच्या आले असावे, कारण तो पटकन उठला आणि टोपी डोक्यावर ठेवीत म्हणाला, "घाई नही शे भाऊ. इचार करा." मला सावरून घ्यायला तो असे बोलला. मी त्यांना बसस्टँडपर्यंतही गेलो नाही. मृणाल गेली.

संध्याकाळी मी अक्काजवळ जाऊन बसलो. ती चारोळी निवडत होती.

"तुना बाप बी आसंच बोलना व्हता," ती म्हणाली. तुझा बापही असेच बोलला होता. "आपल्या हातात काही नाही म्हणून. हातात तर दाखला होता त्याच्या."

"तुला राग नाही आला आबांचा?"

"यायचा होता. पण तू रडत होतास पाळण्यात. तुला घेतलं, तेवढ्यात राहून गेला." मग चारोळीतला एक खडा बाजूला काढत, "आता तुझा आला."

मी म्हणालो, उद्याच त्यांच्या गावी जाऊन माफी मागतो. तिने मान हलवली, चारोळी निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळपासून वेळ काढला. आंघोळ लांबवली, पेपर जाहिरातींसकट वाचला, जिनिंगमध्ये उगाच दोन फोन केले. काय बोलायचे ते सुचत नव्हते. फोनवर बोलले तर नाही का चालणार, असेही मनात येऊन गेले. जेवून उठलो तर बाहेर रस्ता पांढरा पडलेला.

"ऊन उतरलं की निघतो," मी म्हणालो.

अक्काने माझ्याकडे पाहिले. मग उठली, खुंटीवरची छत्री काढली आणि दारात चपला घालू लागली.

"तू कुठे निघालीस?"

"मोलकरीण तर परत फिरली. मी जाते."

मी पायात बूट घातले. तिला घरी बसवायचा मी आणि सुनंदाने प्रयत्न केला, पण तिने छत्री उघडून फाटक गाठले होते. आम्ही चोपड्यावरून शिरपूरला गेलो, तिथून काळ्यापिवळ्या जीपने वर. सगळ्या वाटेत ती माझ्याशी हवापाण्याशिवाय काही बोलली नाही. केळीच्या बागा मागे पडल्या, उघडे माळ आले, मग डोंगर. पोचलो तेव्हा ऊन खरेच उतरले होते.

दिनेशच्या वडिलांनी अंगणात खाट टाकली. मी उभ्यानेच म्हणालो, "माझं चुकलं. ती तारीख खरी नसणार हे मला कळत होतं. मुद्दाम तीच दिली."

"आधी पाणी प्या," ते म्हणाले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "भाऊ, आमाले ते तुमच्या घरीच समजलं होतं. येताना एसटीत मी हिला म्हटलं, पोरगी त्या घरात एकटी शे की काय? मग म्हटलं, नाही, म्हातारी शे." त्यांनी अक्काकडे पाहून हात जोडले. मी तिच्या शेजारी उभा होतो. पोरीच्या बाजूचा माणूस म्हणून त्यांना मी मोजावासा वाटला नव्हता, आणि त्यांचे बरोबर होते.

अक्काने दिनेशच्या आईला विचारले, "झाड कोणतं गं?" दोघी घरामागे गेल्या. मी लांबून पाहिले. एक मोठा मोह होता, खालची जमीन अजून साफ झाडलेली. अक्काने खोडाला हात लावला. ती काहीतरी बोलली आणि दोघी मोठ्याने हसल्या. जीपमध्ये मी विचारले काय म्हणाली. "म्हटलं, तुझा पोरगा मोह वेचताना आणि मी कापूस. मास्तरला दोघांची एकच तारीख दिसली."

दिवाळीनंतर लग्न त्याच गावात झाले. पत्रिका कोणी पाहिली नाही. माझे काही नातेवाईक आले नाहीत, जे आले त्यांना मी व्याह्यांची ओळख करून दिली. पहिल्या दोन-तीनदा माझा आवाज जरा खाली गेला, तेही लिहून ठेवतो. अक्का पुढच्या रांगेत बसली होती. अक्षता पडल्यावर मृणाल पाया पडायला आली तेव्हा तिला म्हणाली, "आता तुझ्या गोष्टीत वाचण्यासारखं काही राहिलं नाही बघ." आणि रडली. हातात कादंबरी नसताना तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिले.

थंडी सरता सरता ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच. केरसुणी उशाशी होती.

मृत्यूची नोंद करायला मी महानगरपालिकेच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या मुलीने अर्ज चाळून परत सरकवला. "काका, जन्मतारखेचा रकाना रिकामा आहे."

"नक्की माहीत नाही. कापसाच्या वेचणीत झाली होती."

तिला हसू आले, पण तिने ते आवरले. "आधारवर काय आहे?"

"एक जून. पण ती खरी नाही."

"खरीखोटी मला कशी कळणार काका? आधारवर आहे तीच टाका, नाहीतर नोंदच होणार नाही. वय पण त्यावरूनच काढा."

मागे रांग होती. दिवस कार्याचे होते, घरी माणसे खोळंबली होती. दाखल्याशिवाय पुढचे काही होणार नव्हते. उद्या पुन्हा यावे, वरच्या साहेबांना भेटावे, असे मनात आले. पण सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी कोण भांडत बसणार, असेही आले.

मी बाकावर बसलो. अर्ज मांडीवर घेतला आणि त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले, एक जून. पुढे वय काढले. हिशेब बरोबर जमला.

खिडकीत अर्ज देताना अक्काचे वाक्य कितीतरी वर्षांनी मला नीट ऐकू आले. हाई कोनीतरी लिखेल शे. या खेपेला लिहिणारा मी होतो.